दोन शुक्रवारांची फुले

कफर-नदा
५ मार्च १९७२

चि. वदाद हिस,
बंधू नस्रीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

हिम, कर्दम आणि शेजारच्या उम्म नज्मची जिव्हा या तिहींचा प्रकोप वगळता येथे सर्व क्षेम आहे. बैरूतचे क्षेम कळवीत जावे. तक्लामावशीच्या नेत्रांवरील शस्त्रक्रिया यथास्थित पार पडल्याचे वृत्त अबू फारिसच्या टॅक्सीने, म्हणजे सावकाश आणि धुळीसकट, पोहोचले. आई गेली तेव्हा गल्ली ओलांडून येऊन जिने आपल्या घरची चूल पेटविली, तिला पुन्हा स्पष्ट दिसू लागावे याहून अधिक काय मागावे? फक्त माझे टक्कल तिला प्रथमच संपूर्ण दिसेल, याची तिला पूर्वसूचना द्यावीस.

मावशीच्या अनुपस्थितीत तिच्या बागेचे पालकत्व मजकडे आले आहे आणि मी ते शाळेतील विभक्तिप्रत्ययांइतक्याच कठोरपणे सांभाळीत आहे. भिंतीलगत नर्गिस उमलले आहेत. पायरीशी इवलीशी जांभळी बनफशा आहे, पण ती वाकल्याशिवाय दिसत नाही आणि अध्यक्षांनी वाकणे शोभत नाही. लाल शकाइकांच्या कळ्या अद्याप मिटलेल्या आहेत. बदामाच्या झाडाखाली मात्र बखूर मरियमची गर्दी उसळली आहे. त्या गुलाबी पाकळ्या कान मागे टाकून पळणाऱ्या सशांसारख्या दिसतात. गावामागचे बल्लूत वृक्षांचे रान अजून हिमाखाली निद्रिस्त आहे.

यंदा आपला दुःखाचा शुक्रवार एकतीस मार्चला आहे, आणि मावशीच्या रूम ऑर्थोडॉक्स पंथाचा, त्यांच्या पंचांगाप्रमाणे, पुढच्या आठवड्यात. बाबा मारोनी पंथाचे आणि आई रूम पंथाची असल्यामुळे आपण भावंडे ख्रिस्ताचे दफन प्रतिवर्षी दोनदा करीत आलो. पुनरुत्थानाविषयी शंका घेण्यास त्यामुळे जागा उरली नाही. त्याच्या आदल्या सकाळी सारे गाव रानात जाऊन प्रभूच्या शवशय्येसाठी फुले खुडून आणते. अपवाद एकट्या मावशीचा. तिच्या चर्चची शय्या आपली आई जिवंत होती तेव्हापासून तिच्याच बागेतील फुलांनी झाकली जाते. गतवर्षी ती इतकी देखणी झाली की आमच्या पंथाच्या स्त्रियाही तिच्यापुढे अंमळ अधिकच काळ रडल्या. चर्चच्या विश्वस्त मंडळाचा अध्यक्ष या नात्याने मला ते लागले.

मावशीने आता कायमचे तुझ्याकडे राहावे, असे तू लिहितेस. मला हे मान्य नाही. समोरच्या घरातून मला कोणी नावे ठेवली नाहीत तर माझा दिवस सुरूच होत नाही. पण निर्णय तिचा. तिने येऊन आपली बाग पाहावी. पुढचा युक्तिवाद ती फुलेच करतील.

तिला नमस्कार. तुला, उंच मजल्यावर राहूनही भावाला न विसरल्याबद्दल, पुनश्च आशीर्वाद.

नस्री

---

बैरूत
१४ मार्च १९७२

ती. स्व. दादा यांस,
वदादचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र मावशीला वाचून दाखवले. अध्यक्षांनी वाकणे शोभत नाही हे ऐकून ती म्हणाली की त्याला म्हणावं, बनफशाला अध्यक्ष कळत नाही, तिला पाणी कळतं. आणि टकलाचं काय सांगतोस, ते मला आंधळेपणीसुद्धा दिसत होतं.

चष्मा आला. काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड आहेत, पण पहिल्यांदा लावला तेव्हा ती बराच वेळ स्वतःच्या हातांकडेच बघत बसली. मग म्हणाली की अगं, हे कुणाचे म्हातारीचे हात आणून लावलेत मला. डॉक्टरांनी पुष्कळ दिवस खाली वाकायला सक्त मनाई केली आहे. म्हणजे ना खुरपणे, ना तण उपटणे.

दादा, रागावू नकोस. गेल्या हिवाळ्यात ती त्या दगडी पायऱ्यांवर दोनदा पडली. पडल्याचे तिने तुला सांगितले नाही आणि मलाही सांगू नको म्हणाली होती, ते मी आता सांगते. इथे लिफ्ट आहे, जवळ दवाखाना आहे. तुझे मेहुणे हलीम गेल्यापासून ती मागची खोली नुसती इस्त्रीच्या कपड्यांसाठी पडून आहे. मी तिला मनापासून राहा म्हटले. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. म्हणाली की आमच्या शुक्रवारी गावी जाऊ, बाग डोळ्यांनी बघू, मग सांगेन.

म्हणजे तुझ्या वकिलाने आपली बाजू चांगली मांडावी. मी हरायला तयार आहे, पण फुले खरोखरच तितकी सुंदर असली तर.

सहा एप्रिलला, गुरुवारी, आम्ही येतो. लोभ आहेच, तो कमी करू नये.

तुझी
वदाद

---

कफर-नदा
१ एप्रिल १९७२

चि. वदाद हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल आपला शुक्रवार अभूतपूर्व थाटात पार पडला. मार्चच्या अखेरीस पुन्हा हिमवर्षाव झाल्याने रान रिकामे होते. आमचे धर्मगुरू खूरी बुलुस हताश झाले होते. तथापि शवशय्या अशी सजली की रूम पंथाचे लोक दारातून डोकावून गेले आणि उम्म नज्मने माझ्या नेतृत्वाचा भरचौकात गौरव केला. त्या स्त्रीच्या मुखातून स्तुती ऐकणे म्हणजे खडकातून उदक निघणे होय. प्रार्थनेनंतर शय्येवरची फुले प्रथेप्रमाणे घरोघरी वाटली. दुपारी रीतीप्रमाणे उपवासाची, व्हिनेगर घातलेली मसूर खाल्ली. ती माझ्या घशाखाली उतरली नाही. बहुधा व्हिनेगर जास्त झाले असावे.

मावशीची बाग आहे. म्हणजे, जेथे होती तेथेच आहे. ऋतुमानानुसार तिच्यात स्थित्यंतरे होत असतात, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

काही किरकोळ पृच्छा. त्या चष्म्यातून दूरचे अधिक स्पष्ट दिसते की जवळचे? डॉक्टरांनी वाकण्यास मनाई केली आहे, ती अजून लागू आहे ना? एवढ्या वळणावळणाच्या रस्त्याने ताज्या शस्त्रक्रियेनंतर प्रवास करणे शास्त्रसंमत आहे काय? ईस्टर पुढच्या वर्षीही येतो, हे तिच्या कानावर घालून पाहावे. माझा आग्रह नाही.

प्रकृतीस जपावे. आशीर्वाद आहेतच, त्यांचा दर्जा सध्या सामान्य असला तरी.

नस्री

---

बैरूत
३ एप्रिल १९७२

ती. स्व. दादा यांस,
सा. न. वि. वि.

तुला काय झाले आहे? मावशीने न यावे असे तूच लिहावेस, याचे मला फार नवल वाटले. मग मनात आले की ती बाग पाहून पुन्हा पायऱ्या चढायचा हट्ट धरील आणि पडेल, अशी तुलाही आता भीती वाटत असणार. तसे असेल तर तू माझ्यापेक्षा थोर आहेस, आणि तुला आपमतलबी म्हटल्याबद्दल (मनात म्हटले होते) मी क्षमा मागते.

पण तिला आता कोण अडवणार? नवे काळे मोजे आणले, केस धुतले, नर्गिसांना लावायला म्हणून अंड्यांची टरफले कुटून पुरचुंडी बांधली. अबू फारिसने तुमच्या शय्येचे वर्णन केले. म्हणाला की बखूर मरियम इतकी होती की कापड दिसत नव्हतं. मावशी लगेच म्हणाली की रानात बर्फ असताना एवढी बखूर मरियम आणली कुठून? मी म्हटले, दादाला विचारते. तर विचारते आहे.

गुरुवारी दुपारी पोहोचू. लोभ ठेवून गरम काही शिजवून ठेवावे.

तुझी
वदाद

---

कफर-नदा
४ एप्रिल

चि. वदाद हिस आशीर्वाद.

दक्षिणेकडच्या उतारावर.

त्वरेत,
नस्री

---

बैरूत
१० एप्रिल १९७२

ती. स्व. दादा यांस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचलो. दोन दिवस तुझ्याशी निवांत बोलणे झालेच नाही. तू सारखा बागेत, अंगणात, नाहीतर पाणी भरायला. मावशीला ओट्यावर खुर्चीत बसवून तू एकेक फूल खुडत होतास आणि प्रत्येकाला जमिनीतून समूळ वृक्ष उपटल्यासारखा कण्हत होतास, ते आठवून मला अजून हसू येते. तिच्या चर्चची शय्या तुमच्यापेक्षा कमी नव्हती. शकाइक तर मी इतकी लाल कधी पाहिली नव्हती.

आता मुख्य गोष्ट. मावशी माझ्याकडे राहणार. परतताना गाडीतच तिने सांगितले. गाव मागे पडले तरी तिने वळून पाहिले नाही. मग म्हणाली की इतकी वर्षं मला वाटायचं, मी राख टाकली नाही, गोगलगायी वेचल्या नाहीत, तर त्या बागेत एक पाकळी दिसायची नाही. यंदा मी काहीच केलं नाही. नस्रीच्या हाती होती, ज्याला कांदा कुठला नि कंद कुठला ते कळत नाही. तरी दर वर्षीपेक्षा जास्त फुलली. म्हणजे त्यांना माझी गरज नव्हती, मीच आपली समजत होते. बरं झालं. आता मी मोकळी.

मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही. पण ती ते इतक्या हळू आवाजात बोलली की अबू फारिसने रेडिओ बंद केला.

तू बाग इतकी छान राखलीस म्हणूनच हे घडले. तुझे आभार कसे मानू? तुला एकटे वाटेल, ते मला कळते. दर रविवारी येत जा.

लोभ, आणि या खेपेस कृतज्ञताही.

वदाद

---

कफर-नदा
१३ एप्रिल १९७२

चि. वदाद हिस,
आशीर्वाद देण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही, हे पत्र वाचून तू ठरव.

आभार परत घे. मी चोर आहे, आणि सामान्य चोरांना जो संकोच असतो तोही माझ्यापाशी नव्हता. मी दिवसाढवळ्या, समारंभपूर्वक चोरी केली.

आमच्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी स्त्रिया रानातून रिकाम्या टोपल्या घेऊन परतल्या. चर्चच्या अंगणात उम्म नज्म सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली की काळजी कशाला, आमचे अध्यक्ष व्याकरणाची पाने फाडून प्रभूला पांघरतील. नाहीतर रूमवाल्यांकडे जाऊन चार फुलांची भीक मागू. सारे हसले. मी म्हणालो की भीक कशाला, माझ्या मावशीची बाग आहे. 'माझ्या' या शब्दावर मी विशेष भर दिला, हे मला स्मरते.

प्रत्येकीने एक मूठ घ्यावी, असे ठरले होते. परंतु मुठीची व्याख्या मी केली नव्हती. त्या विनयाने आत शिरल्या आणि टोळधाडीसारख्या बाहेर पडल्या. मावशीची माती इतकी भुसभुशीत की बखूर मरियम कंदासकट वर आली. मी फाटकाशी उभा होतो. थांबवू शकलो असतो. थांबवले नाही, कारण बाहेर पडणारी प्रत्येक स्त्री माझे नाव घेऊन मला दुवा देत होती आणि ते कानांना गोड लागत होते. वदाद, याहून मोठे कारण मला सापडले असते तर मी तेच लिहिले असते.

संध्याकाळी आत गेलो. बदामाखाली केवळ खड्डे होते.

पुढच्या आठवड्यात ऊन पडले, वरच्या रानातले हिम वितळले आणि विलंबाने का होईना, सारे एकदम फुलले. निसर्गाने मला क्षमा केली असा मी सोयीस्कर अर्थ लावला. बुधवारी आणि गुरुवारी पहाटे वर चढलो, ओढ्यात पडलो, टोपल्या भरून फुले देठांसकट कापून आणली आणि मावशीच्या वाफ्यांत एकेक करून खोचली. वर चिखल थापला. कोमेजू नयेत म्हणून पाणी शिंपडीत राहिलो. उम्म नज्मने आणि तिच्या सख्यांनी खिडक्यांतून सारे पाहिले आणि त्या प्रथमच मौन राहिल्या. त्यांच्याही पदरात पाप होते. शुक्रवारी मी तुम्हां दोघींसमोर जी फुले खुडली, त्यांना मुळेच नव्हती. कण्हणे हा अभिनय होता.

मला वाटले होते की भरलेली बाग पाहून ती राहील. तिने बाग पाहिली आणि स्वतःला निरुपयोगी ठरवले. ती बाग तिच्यावाचून फुलली नव्हती. ती तिच्यावाचून लुटली गेली.

हे पत्र तिला वाचून दाखव. पहिल्या ओळीपासून. काहीही गाळू नकोस.

नस्री

---

बैरूत
७ मे १९७२

ती. स्व. दादा यांस,
सा. न. वि. वि.

इतके दिवस उत्तर आले नाही म्हणून तू काय काय समजला असशील. मी तुझे पत्र मावशीला वाचून दाखवले नाही.

तिला अक्षरओळख नाही, याचा मी फायदा घेतला. नस्रीने काय लिहिलंय असे तिने विचारले. मी म्हटले, व्याकरण. तिने पुढे विचारलेच नाही. तुझी कीर्तीच तशी आहे.

तुझा मला राग आला, पण दोन दिवसच. नंतर वाटू लागले की तुझ्या चोरीतून माझे भले झाले आहे, तर मी ती कशाला उघड करू? हलीम गेल्यापासून या घरात कॉफी उतू गेली तरी ओरडणारे कोणी नव्हते. आता होते. सकाळी मी जिन्यातून उतरताना ती वरून म्हणायची की ए भवाने, स्वेटर विसरलीस. एवढ्यासाठी मी एका म्हातारीला खोटे समजत राहू दिले. तू फाटकाशी उभा होतास, तसेच समज.

पण दादा, ती माझ्यासमोर विझत चालली. गॅलरीत तुळशीसारखी ती हबकची कुंडी आहे ना, तिला सुद्धा पाणी घालीना. मी म्हटले तर म्हणायची की येईल आपोआप, त्यांचं आपलं काही अडत नाही. गावाची चौकशी बंद केली. हात मांडीवर ठेवून बसायची आणि दिवसा झोपायची. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. मग ती कशाकडेच का बघत नव्हती, ते डॉक्टरांना ठाऊक नव्हते. मला होते.

काल वाचून दाखवले. काही गाळले नाही. टोळधाडीचा भाग तिने मला पुन्हा वाचायला लावला. मला वाटले, आता ही रडणार. ती म्हणाली की कंद अख्खे वर आले की तुटून? मी म्हटले, ते लिहिलेले नाही. तर म्हणाली की गाढवानं पत्र लिहावं आणि कामाचं तेवढंच विसरावं. आणि पलंगाखाली चपला शोधायला वाकू लागली. मी धावत जाऊन त्या काढून दिल्या.

रविवारी अबू फारिस तिला घेऊन येईल. खाली वाकायला अजूनही मनाई आहे. तिच्यासाठी तूच वाकायचे.

पत्र दडवून ठेवल्याबद्दल मला क्षमा कर. लोभ कमी झाला तर मी समजेन, पण होऊ देऊ नये.

तुझी
वदाद

---

कफर-नदा
२४ मे १९७२

चि. वदाद हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मावशी पोहोचली. मी स्वागतार्थ एक भाषण सिद्ध केले होते. तिने ते ऐकले नाही. गाडीतून उतरून ती थेट बदामाखाली गेली, खड्डे पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि म्हणाली की टोपली आण.

नंतर जे घडले त्याला मी माझी विटंबना म्हणतो, गाव त्याला करमणूक म्हणते. शुक्रवारी वाटलेली फुले लोक वर्षभर घरातल्या मूर्तीपाशी ठेवतात, हे तुला ठाऊकच आहे. फुले वाळली होती, पण कंद तसेच होते. मावशी घरोघरी गेली. तिच्यामागे टोपली घेऊन विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष. प्रत्येक दारात ती एवढेच म्हणे की प्रभूला दिलं ते प्रभूचं, मुळाशी आहे ते माझं. बायका डोक्यावरच्या रुमालाआड तोंड लपवून कंद काढून देत. उम्म नज्म म्हणाली की आमच्याकडे एकसुद्धा आला नाही गं तक्ला, या कडेवरच्या पोरीची शपथ. मावशीने चष्मा लावून तिच्या कोनाड्याकडे नुसते पाहिले. तिच्याकडे सर्वांत मोठा निघाला.

आता मी रोज रानातून पानांचे खत आणतो आणि तिच्या काठीच्या टोकाच्या आज्ञेनुसार जमिनीवर गुडघे टेकून कंद पुरतो. उलटा लावला की ती सांगत नाही. सगळी ओळ पुरी झाल्यावर सांगते. आठवडाभर ती माझ्याशी शब्द बोलली नाही, मग एकदा म्हणाली की तुला लहानपणी जास्त मारायला हवं होतं, माझ्या बहिणीचा म्हणून सोडला. क्षमा याहून स्पष्ट शब्दांत आपल्या घरात कोणी मागितलेली वा दिलेली नाही. किती कंद जगतील, ते पुढच्या वसंतात कळेल. तीही सांगू शकत नाही. पण खिडकी पहाटे उघडते. पायऱ्यांना मी लाकडी कठडा बसविला आहे. तो वेडावाकडा आहे, परंतु मजबूत आहे.

आता जे लिहायचे टाळीत होतो ते. चोरी मी केली, लबाडी मी केली. आणि मावशी परत मिळाली तीही मलाच. तू तिला लिफ्ट दिलीस, दवाखाना दिलास, शेवटी सत्यही दिलेस, आणि तुझ्या हाती मागची रिकामी खोली आली. ते पत्र वाचून दाखव असे मी लिहिले तेव्हा त्याने ती परत येईल, हे मला उमगले होते काय? मी स्वतःला पुष्कळदा विचारले. उत्तर देताना प्रत्येक वेळी माझा आवाज वर्गात उत्तर न येणाऱ्या विद्यार्थ्यासारखा होतो.

एक गोष्ट तुला कळायला हवी. दुपारी आम्ही एकत्र जेवतो. जेवताना मीठ हवे असले की मावशी मान वर न करता तुझे नाव घेते. मी उठतो आणि मीठ देतो. आयुष्यभर इतरांच्या चुका दुरुस्त करून पोट भरले, पण ही एक मी अद्याप दुरुस्त केलेली नाही.

वडील माणसाने आशीर्वाद द्यावा आणि धाकट्याने लोभ मागावा, अशी रीत आहे. या पत्रापुरती ती उलट समजावी.

तुझा अपराधी बंधू
नस्री